दहशतवादाविरुद्ध देशादेशांचे सहकार्य : २६/११ खटल्याने काय शिकवले?

२६ नोव्हेंबर हा आपला संविधान दिन. २००८ साली याच तारखेला मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ जणांचा बळी गेला. हल्ला मुंबईत, कट पाकिस्तानात, तर टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेचा नागरिक. असा गुन्हा एकट्या देशाच्या पोलिसांना उलगडता येत नाही.

सहकार्याचे मार्ग

प्रत्यार्पण : भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार १९९७ चा. त्याच कराराने तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणले गेले. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, असा त्याचा बचाव होता. अमेरिकी न्यायालयांनी तो तपासून फेटाळला. आपल्या संविधानातील कलम २०(२) हेच संरक्षण देते.

परत पाठवणी : बीड जिल्ह्यातील जबिउद्दीन अन्सारीला २०१२ मध्ये सौदी अरेबियाने भारताकडे पाठवले.

साक्ष : हेडलीने गुन्हा कबूल करताना भारतात न पाठवण्याची हमी मिळवली. २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयात व्हिडिओद्वारे साक्ष दिली.

पैशाची नाकेबंदी : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३७३ (२००१) सर्व देशांना दहशतवादाचा पैसा रोखण्यास बांधून घेतो. एफएटीएफने पाकिस्तानला २०१८ ते २०२२ करड्या यादीत ठेवले होते.

अडचण कुठे आहे?

भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला. तो अजून मंजूर नाही, कारण दहशतवादी कोणाला म्हणायचे यावर देशांचे एकमत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर यूएपीए कायदा अधिक कडक झाला. इनामगाव ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला. आदल्या दिवशीच्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात याच कायद्याखाली लेखक, वकील, प्राध्यापक खटला सुरू न होताच वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले.

आमचे म्हणणे सरळ आहे. निरपराधांना मारणाऱ्याला जगात कुठेही आसरा मिळू नये. त्यासाठी सरकारांनी हातात हात घालावेत. पण व्याख्या स्पष्ट हवी, पुरावा न्यायालयात तपासला जावा आणि खटला वेळेत चालावा. अजमल कसाबलाही वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील मिळाले. संविधानाने आरोपीला दिलेला हा हक्क कार्यकर्त्यांनी नीट वाचून ठेवावा. सुरुवात कलम २० ते २२ पासून करता येईल.