दूरदेशींचे मासे आणि घरचें पाणी

पार्सलानें मागविलेले मासे घरीं येतात तेव्हां सारें कुटुंब टेबलाभोवतीं जमतें. जाड खोक्यांत कागदाचीं वेष्टणें, वेष्टणांत एक फुगलेली पारदर्शक पिशवी, आणि पिशवीच्या तळाशीं ओंजळभर पाण्यांत हालणारीं नखाएवढीं पिलें. मुलांना धीर नसतो. पिशवी फोडून मासे पेटींत केव्हां सोडतां, एवढाच त्यांचा प्रश्न. आणि पुष्कळदां तसें केलेंहि जातें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पिलें निपचित पडलेलीं आढळलीं, कीं दोष पाठविणाऱ्याच्या माथीं बसतो. परंतु शेंकडों कोस सुखरूप आलेला मासा बहुधा शेवटच्या हातभर अंतरांत मरतो. असें कां होतें हें उमगावयास माणसाला सुमारें एक शतक लागलें. आणि त्या शतकाचा इतिहास हा माशांपेक्षां पाण्याचाच इतिहास आहे.

चीनमध्यें सोनेरी मासे कुंड्यांत पाळण्याची चाल शतकानुशतकें होती. पण भांड्यांतलें पाणी वारंवार बदलावें लागे. न बदललेल्या पाण्यांत मासा जगवितां येईल काय, या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनज्ञानें शोधलें. सुमारें १२ गॅलन मावणाऱ्या काचपात्रांत त्यानें दोन लहान सोनेरी मासे सोडले व पाण्यांत वाढणारी एक वनस्पति लावली. वनस्पति प्राणवायु देई, मासे तो घेत. कुजकीं पानें पाणी बिघडवूं लागलीं, तेव्हां त्यानें डबक्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं तीं पानें फस्त केलीं. वनस्पति, मासा व गोगलगाय असा निसर्गाचा जमाखर्च जुळला. १८५० सालीं त्यानें आपला प्रयोग विद्वानांपुढें मांडला. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हें पुस्तक निघालें आणि इंग्लंडांतील दिवाणखान्यांतून काचेच्या पेट्या दिसूं लागल्या.

तथापि या जमाखर्चांत एक रकम मांडावयाची राहून गेली होती. मासा केवळ प्राणवायु घेतो असें नाहीं. तो कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो, आणि अमोनिया हें माशाला जहाल विष आहे. मोठ्या पात्रांत दोनच मासे असतां त्याचा जाच जाणवत नाहीं. लहान डब्यांत पन्नास मासे कोंडून महासागर ओलांडावयाचा असला म्हणजे मात्र तीच रकम दिवाळें काढते.

उष्ण देशांतील मासे युरोपांत आणूं पाहणाऱ्यांना हा अनुभव लौकरच आला. १८६९ सालीं चीनमधील निंग्पो येथून १०० पॅराडाइज मासे फ्रान्सला धाडण्यांत आले. पॅरिसला पोंचले तेव्हां त्यांतील अवघे २२ जिवंत होते. ते प्येर कार्बोनिए या मत्स्यसंवर्धकाच्या हातीं पडले. नर बुडबुड्यांचें घरटें बांधतो व अंडीं राखतो, हा सोहळा त्यानें डोळ्यांनीं पाहिला आणि त्यांची संतति वाढविली. हे २२ तरी कां जगले? हा मासा भातखाचरांतला व चरांतला रहिवासी. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांची एक पोकळी असते. पृष्ठभागाशीं येऊन तो त्या पोकळींत हवा भरून घेतो. प्राणवायु सरलेल्या पाण्यांतहि तो तग धरतो. दूरच्या प्रवासांतून पार पडणाऱ्या पहिल्या माशांत हा असावा, यांत नवल तें कसलें! माणसाच्या युक्तीपेक्षां माशाच्या शरीररचनेनेंच तेव्हां काम केलें होतें.

ज्यांना हवा गिळतां येत नाहीं, त्यांचें काय? त्यांत भारतीय नद्यांचेहि मासे होते. अंगावर निळे पट्टे ओढलेला चिमुकला झेब्रा मासा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालच्या आपल्या गंगेंतील माशांवरील ग्रंथांत प्रथम वर्णिला. पण तो जर्मनींतल्या हौशी लोकांच्या पेटींत पोंचावयास १९०५ साल उजाडलें. मधल्या काळांत आगबोटी वेगवान झाल्या होत्या. पत्र्याच्या डब्यांतून मासे येत. वाटेंत कोणी पंपानें पाण्यांत हवा भरी, कोणी थंडीपासून जपण्यासाठीं डबे उबेला ठेवी. घरोघरीं पेटीच्या तळाखालीं गॅसची ज्योत किंवा तेलाचा दिवा जळे. पुढें विजेची सोय झाली. १९३६ सालीं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांतील निऑन माशाला शास्त्रीय नांव मिळालें आणि त्याच वर्षीं ‘हिंडेनबर्ग’ या प्रचंड वायुनौकेंतून कांहीं निऑन मासे अटलांटिक ओलांडून अमेरिकेस गेले. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला.

वेगाच्या जोडीला पुढें पिशवी आली. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत पॉलिथीन हा पदार्थ अनपेक्षितपणें हातीं लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या हलक्या, न झिरपणाऱ्या पिशव्या स्वस्त झाल्या. थोडें पाणी, वर भरपूर शुद्ध प्राणवायु, आणि घट्ट बांधलेलें तोंड, एवढ्यावर मासे दिवस दोन दिवस राहूं लागले. मोठ्या माशांपेक्षां पिलें पाठविणें सोयीचें ठरलें. थोड्या पाण्यांत तीं अधिक मावतात. निघण्यापूर्वीं त्यांना उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेंत पाणी कमी घाण होतें. प्राणवायूचा प्रश्न असा सुटला. अमोनियाचा मात्र सुटला नाहीं.

किंबहुना त्यानें आतां वेष पालटला. बंद पिशवींत मासे कार्बन डायऑक्साइड सोडीत राहतात; तो पाण्यांत विरघळून पाणी आम्ल होतें. आम्लतेचें माप, ज्याला पीएच म्हणतात, तें कोपनहेगनच्या सोरेनसेन यानें १९०९ सालीं ठरवून दिलें; त्यांत एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक. पाणी आम्ल असतांना बहुतेक अमोनिया निरुपद्रवी रूपांत राहतो. म्हणून दोन दिवसांच्या घाणींतहि पिलें जगतात. पण पिशवीचें तोंड उघडतांच वायु उडून जातो, आम्लता उतरते, आणि तोच अमोनिया पुन्हां विष बनतो. उघडी पिशवी तासभर तशीच तरंगत ठेवून थेंब थेंब नवें पाणी घालीत बसणारा यजमान मोठ्या मायेनें आपल्या पाहुण्यांना विष पाजीत असतो.

यास्तव दूरवरून आलेली पिशवी प्रथम बंदच ठेवून पेटींतील पाण्यावर पंधरा-वीस मिनिटें तरंगूं द्यावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. खोलींतला दिवा मंद असावा. मग तोंड उघडून पिलें जाळ्यानें अलगद उचलून विनाविलंब पेटींत सोडावीं; पिशवींतलें पाणी पेटींत ओतूं नये. त्या दिवशीं खाऊं घालण्याची घाई करूं नये. पेटींत आधींचे मासे असल्यास नव्यांना कांहीं आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावें. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा पाहुण्यांबरोबरच येतो.

परंतु ज्या पेटींत त्यांना सोडावयाचें, तीहि तयार हवी. आणि येथें ती राहिलेली रकम शेवटीं कोणी मांडली, हें सांगितलें पाहिजे. वॉरिंग्टन १८६७ सालीं वारला. त्याचा मुलगाहि रॉबर्टच. तो रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनसंस्थेंत जमिनींतला अमोनिया कोठें जातो याचा शोध घेत होता. हें काम सूक्ष्म जंतु दोन टप्प्यांत करतात, असें त्याला दिसून आलें. पण ते जंतु वेगळे काढणें त्याला साधलें नाहीं. तें यश विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला १८९० च्या सुमारास मिळालें. शेतांतलें हेंच कार्य माशांच्या पेटींतील वाळूवर व गाळणीवरहि चालतें. बापाच्या काचपात्रांत जें गुपचूप घडत होतें, त्याचें कोडें मुलानें मातींत उकलावयास घेतलें! नव्या पेटींत या जंतूंची वस्ती व्हावयास महिना-दीड महिना लागतो. तोंवर पाणी कितीहि नितळ दिसलें तरी तें माशांचें घर झालेलें नसतें.

निंग्पोहून निघालेल्या त्या शंभरांपैकीं ७८ वाटेंतच गेले. ते कशानें मेले हें सांगणारें शास्त्र त्या काळीं जन्मालाहि आलें नव्हतें; त्यांच्या यजमानांना दोष देतां येत नाहीं. आजच्या यजमानाला ती सबब उरलेली नाहीं. टेबलाभोवतीं जमलेल्या मुलांना वीस मिनिटें थांबावयास सांगणें, एवढेंच त्याच्याकडे मागणें आहे.