गारपीरचा तळ

मागच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. मोगलांची सोन्याची नाणी सापडतात अशी अफवा उठली आणि लोक रात्री टॉर्च व मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागले. त्यातला एक व्हिडिओ दाखवत माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, असं मशीन ऑनलाइन मिळतं. आपल्या बिबवेवाडीला लागूनच टेकड्या आहेत. पर्वतीच्या आसपास पेशव्यांच्या फौजेचं काही ना काही असेलच की!"

मी त्याला आधी उर्दूचा धडा दिला. सवय जात नाही! 'उर्दू' हा मुळात तुर्की शब्द, अर्थ छावणी. मी वर्गात जी जबान शिकवतो तिचं नावच लष्कराच्या तळावरून पडलं. म्हणजे छावणी शोधायची ओढ मला त्याच्यापेक्षा कमी नाही.

पण छावणी आधी कागदात सापडते, मग जमिनीत. १८१७ चंच घ्या. पेशवा आणि इंग्रज यांच्यात बिनसलं तेव्हा इंग्रजांची पलटण शहराच्या पूर्वेला गारपीरला होती, आजच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास. पेशव्यांची फौज या तळाभोवती जमू लागली. ३० ऑक्टोबरला मुंबईहून गोरी पलटण येऊन पोहोचली आणि १ नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने सगळा तळ खडकीला हलवला. ५ नोव्हेंबरला लढाई झाली. इंग्रजांकडे सुमारे २,८०० माणसं, बापू गोखल्यांकडे त्याच्या कितीतरी पट. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. आमच्या घरून दिसते तीच पर्वती.

हे सगळं ग्रँट डफच्या इतिहासात आणि जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मला त्यात अडकवतं ते 'गारपीर' हे नाव. कंपनीची पलटण तळ ठोकते ती एका पीराच्या नावाच्या जागेवर. हे नाव आज किती पुणेकरांना ठाऊक आहे? आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही नाही. गोळी मातीत दोनशे वर्षं टिकते, नाव मात्र दोन पिढ्यांत जातं.

आणि मशीनचं काय? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. संरक्षित जागी तर परवान्याशिवाय उत्खनन करताच येत नाही. शिवाय आजच्या हवेत आपल्या पोराला टेकडीवर रात्री खणताना कोणी पाहिलं, तर कायद्याआधी व्हिडिओ पोहोचेल. हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मशीन वाईट नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच सोबत घेतलं. प्रत्येक गोळी आणि काडतूस नेमकं कुठे होतं ते नकाशावर मांडलं, त्यातून कोण कुठून कुठे सरकलं ते उमगलं. तीच गोळी खिशात घालून घरी आणली असती तर उरलं असतं फक्त शिसं.

पोरगा जरा हिरमुसला. मग म्हणाला, "सर, गारपीरला नेता का?" रविवारी स्टेशनकडे गेलो, जुन्या नकाशाची झेरॉक्स घेऊन. पहिल्या तीन रिक्षावाल्यांना नाव ठाऊक नव्हतं. पोरानं वही काढली आणि रस्त्याकडेच्या चहावाल्या चाचांना विचारायला गेला.