बोदवडचे सॉफ्टबॉल

सॉफ्टबॉल या नावातला 'सॉफ्ट' शब्द फसवा आहे. बारा इंच घेराचा तो चेंडू उघड्या हाताने झेलला की तळवा दिवसभर झिणझिणतो, हे आपल्या शाळेच्या संघात खेळलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. कबड्डी, खो-खोवर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील, म्हणून मी हा विषय घेतला.

खेळ मूळचा अमेरिकेतला. १८८७ साली शिकागोतील एका क्लबात जॉर्ज हॅन्कॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने गुंडाळून चेंडू केला आणि दांडक्याने तो टोलवत सभागृहातच डाव रंगला. सॉफ्टबॉल हे नाव मात्र १९२६ सालचे. बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फूट अंतर, इथे ६०. डाव नऊऐवजी सात आणि चेंडू खांद्याखालून फेकायचा. शाळेच्या लहान मैदानात हा खेळ बसतो तो यामुळेच. त्यातून आपल्या मुलींचे हात कैऱ्या पाडून आणि लगोरी खेळून आधीच तयार असायचे! महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ साली मेलबर्नला झाली, पुरुषांची त्यानंतर, हेही मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

खान्देशात हा खेळ रुजला तो शाळा-कॉलेजांतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांमुळे. जळगाव हे राज्यातल्या सॉफ्टबॉलचे एक मोठे ठाणे झाले. महाराष्ट्र सॉफ्टबॉल असोसिएशनचे सचिवपद सांभाळणारे डॉ. प्रदीप तळवेलकर जळगावचेच. पण माझ्या मते जळगावच्या खेळाडूंना खरी वाट मिळाली ती १९९० साली, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. त्याआधी आपली कॉलेजे पुणे विद्यापीठात होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचे तर बोदवड-भुसावळच्या मुलीला आधी पुण्याच्या संघात जागा मिळवावी लागे. आपले विद्यापीठ झाले आणि आपला संघ झाला. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते.

आमची तुकडी नव्वदच्या दशकातली. बोदवड तालुका झाले १९९९ मध्ये. आमच्या वेळी तालुक्याचे काम म्हटले की भुसावळ, आणि जिल्ह्याच्या सामन्यांना जळगाव. पहाटेच्या पॅसेंजरने जायचे, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. बेस म्हणजे जिनिंगमधून मागून आणलेल्या बारदानात भरलेली वाळू. ग्लोव्ह सगळ्यांत मिळून चार, ते बाहेर जाणाऱ्या संघाने आत येणाऱ्या संघासाठी मैदानातच ठेवून जायचे. जमीन काळी. पाऊस झाला की बुटाला किलोभर चिखल, आणि वाळली की भेगांत पाय मुरगळायचा. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका कापूस वेचणीला भिडे. दिवाळीच्या आसपास अर्धा संघ शेतात असे. चांगल्या खेळणाऱ्या दोघी दहावीनंतर दिसल्याच नाहीत, लग्ने झाली. त्यांच्या हाताला जोर नव्हता, असे कोणी म्हणू नये.

सध्या शाळेत नववीत एक मुलगी आहे, पिचर. सकाळी शिकवणीच्या आधी भिंतीवर खडूने चौकोन काढून त्यात चेंडू मारते. जपानच्या युकिको उएनोचे व्हिडिओ तिने पाठ केले आहेत. उएनोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळले गेले. ते परतले थेट टोकियोत, २०२१ मध्ये, आणि ३९ व्या वर्षी उएनो पुन्हा सुवर्णपदकाच्या संघात होती. पॅरिसला खेळ पुन्हा नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत आहे. तिथे संघ फक्त सहा. भारत आजवर ऑलिंपिक सॉफ्टबॉलमध्ये खेळलेला नाही.

मी हे सगळे तिला सांगितले. ती म्हणाली, "ताई, मला आधी राज्याच्या संघात जायचंय. ऑलिंपिक नंतर बघू." तिचा हिशोब पक्का आहे. सतरा वर्षांखालील गटातून राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, कॉलेजात विद्यापीठाचा संघ, पुढे बी.पी.एड. राज्य शासनाने २००५ पासून नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी स्पर्धेचा दर्जा आणि क्रमांक बघतात, प्रमाणपत्राची पडताळणी होते, हेही तिला माहीत आहे. वडिलांना ती हेच सांगते. कोरडवाहू चार एकरांच्या घरात मुलीने आणखी पाच वर्षे खेळावे, याला ऑलिंपिकपेक्षा हे कारण जास्त पटते.

तिच्या कॅचरकडे मात्र नीट मास्क नाही. आहे तो मोठ्या मुलांच्या मापाचा, पळताना डोळ्यांवर येतो. मेळाव्याच्या वर्गणीतून उरेल ती रक्कम आमच्या तुकडीने कॅचरच्या साहित्यासाठी द्यायची ठरवली आहे. मास्क विकत घेण्याआधी त्या मुलीला दुकानात सोबत न्यावे, एवढे मी कळवले आहे.