हम्मसला घरगुती पर्याय मसूर डाळीचा. साहित्य, कृती आणि खर्चाचा हिशेब

हम्मस हा मूळचा लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त या पट्ट्यातला पदार्थ. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थच हरभरा. शिजवलेले काबुली चणे, ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट, लिंबू, लसूण आणि मीठ एकत्र वाटलं की हम्मस तयार होतं. आता आपल्याकडेही हॉटेलांत आणि मोठ्या दुकानांत ते मिळतं. मुलांच्या डब्यात बटर-जॅमऐवजी काहीतरी पोटभरीचं द्यावं म्हणून अनेक घरांत त्याची चौकशी होते.

अडचण येते ती घरी करताना. काबुली चणे रात्रभर भिजवावे लागतात. बोअरचं जड पाणी असेल तर ते लवकर मऊ होत नाहीत. ताहिनी छोट्या गावांत सहसा मिळत नाही, मिळाली तर महाग पडते. या दोन्हींवर सोपा उपाय म्हणजे मसूर डाळ आणि घरी वाटलेले तीळ. चणे नसल्यामुळे याला हम्मस म्हणणं काटेकोरपणे बरोबर नाही, पण पोळीला, ब्रेडला लावायचं काम ते तितकंच चांगलं करतं.

मसूर डाळच का?

लाल मसूर डाळ सोललेली असते. त्यामुळे ती भिजवायची गरज नाही, साल काढायचा प्रश्न नाही आणि १५ ते २० मिनिटांत ती पूर्ण विरघळते. वाटून खाण्याची डाळ आपल्याला नवी नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आणि अनंत चतुर्दशीची वाटली डाळ हे त्याच घराण्यातले पदार्थ. फरक एवढाच, की तिथे हरभरा डाळ भिजवून भरडसर वाटतात, इथे मसूर शिजवून एकजीव करायची.

बेळगाव, शहापूर, येळ्ळूर भागात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर मसूर घेतात. हा अख्खा, सालाचा मसूरही चालतो. मात्र तो ४-५ तास भिजवावा आणि जास्त वेळ शिजवावा. त्याचा रंग मातकट येतो, चव जास्त खमंग लागते.

साहित्य

- मसूर डाळ २०० ग्रॅम
- पाणी ४०० मिलिलिटर
- पॉलिशचे पांढरे तीळ ३० ग्रॅम (साधारण ३ मोठे चमचे)
- तेल ३ मोठे चमचे (शेंगदाणा, सूर्यफूल किंवा ऑलिव्ह)
- लसूण २ पाकळ्या
- एका मोठ्या लिंबाचा रस
- भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा छोटा चमचा
- मीठ चवीप्रमाणे, वरून घालायला लाल तिखट

एवढ्यात सुमारे ५५० ग्रॅम तयार होतं.

कृती

१. लसूण ठेचून लिंबाच्या रसात १० मिनिटं ठेवावा. आंबट रसामुळे कच्च्या लसणाचा उग्रपणा कमी होतो.

२. डाळ तीन-चार पाण्यांनी धुवावी. कुकरमध्ये थोडं तेल घालून २ शिट्ट्या कराव्यात. मसुराला फेस फार येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकू शकतो. म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. या टप्प्यावर लिंबू घालू नये, आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. हळद आणि हिंगही नको.

३. झाकण काढून डाळ मंद आचेवर ४-५ मिनिटं आटवावी. उलथनं फिरवल्यावर भांड्याच्या तळाला क्षणभर रेघ राहिली की गॅस बंद करावा.

४. तीळ मंद आचेवर भाजावेत. तडतडायला लागले आणि रंग जेमतेम बदलला की उतरवावेत. तपकिरी झाले तर कडू लागतात. गार झाल्यावर मिक्सरच्या छोट्या चटणीच्या भांड्यात आधी कोरडे फिरवावेत, मग २ चमचे तेल घालून पातळ पेस्ट करावी.

५. डाळ कोमट झाली की तिळाची पेस्ट, लिंबू-लसूण, जिरेपूड, मीठ घालून एकदम गुळगुळीत फिरवावं. वरून उरलेलं तेल आणि तिखट घालावं.

‘हे तर थंड वरण झालं!’

पहिल्यांदा करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिची कारणं दोन. पहिलं, पाणी. डाळ न आटवता तशीच वाटली की ओलसर वरणच होतं आणि ब्रेड भिजतो. दुसरं, तीळ. ते कमी घातले किंवा गाळले की उरते फक्त उकडलेल्या डाळीची चव. हम्मसची ओळख चण्याइतकीच तिळाची आहे, म्हणून तिथे काटकसर करू नये.

उलट चूकही होते. मसुरातल्या पिष्टामुळे हे मिश्रण गार झाल्यावर बरंच घट्ट होतं. मिक्सरमधून काढताना ते चमच्यावरून सावकाश खाली पडेल इतपत सैल हवं. फ्रीजमध्ये दगड झालं तर चमचाभर कोमट पाणी घालून फेटावं.

खर्च किती?

दर गावागणिक वेगळे, म्हणून हिशेबाची रीत लक्षात ठेवावी. समजा डाळ १०० रुपये किलो, तीळ २५० रुपये किलो, तेल १६० रुपये लिटर आणि लिंबू ५ रुपयांना आहे. मग डाळीचे २० रुपये, तिळाचे साडेसात, ४५ मिलिलिटर तेलाचे सुमारे सात, लिंबाचे ५ आणि लसूण-जिरे-मिठाचे ३. एकूण साडेबेचाळीसच्या आसपास. ५५० ग्रॅमला भागलं तर १०० ग्रॅममागे ८ रुपयेही पडत नाहीत. गॅस आणि विजेचा खर्च वेगळा. आपल्या बाजारातले दर घालून तयार डब्याच्या किमतीशी ताडून पाहावं. ऑलिव्ह तेल वापरलं तर हिशेब बराच वर जातो.

प्रोटीनचं किती खरं?

कोरड्या मसूर डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे २०० ग्रॅम डाळीची ४८ आणि तिळाची पाचेक, मिळून ५३ ग्रॅम. पण एका पोळीला लागतं ३० ग्रॅम मिश्रण, त्यातून मिळतात सुमारे ३ ग्रॅम. बटर-जॅमपेक्षा हे नक्कीच बरं, मात्र डब्यातल्या उसळीची किंवा वरणाची जागा ते घेत नाही. ३ मोठे चमचे तेलातून साधारण ३६० कॅलरी येतात, तेही ध्यानात असावं.

कशासोबत खावं?

गोव्याच्या पोईत भरून, ज्वारीच्या कडक भाकरीवर किंवा वडोदऱ्याच्या खाखऱ्यावर लावून ते छान लागतं. काकडी-गाजराच्या फोडींसोबतही चालतं. तीळ नसतील तर दाण्याचं कूट वाटून घालता येतं, चव मात्र बदलते. वर कारळ्याची चटणी भुरभुरली तर गावाकडची चव येते.

टिकवताना सांभाळा

शिजवलेली डाळ उन्हाळ्यात पटकन आंबते. २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. झाकणाच्या कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस टिकतं. दर वेळी कोरडा चमचा वापरावा. बुडबुडे, आंबूस वास किंवा बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्यावं. वरचा थर काढून उरलेलं खाऊ नये. शाळेच्या डब्यात द्यायचं तर पोळीला पातळ थर लावून गुंडाळी द्यावी आणि ती पहिल्या सुट्टीत खायला सांगावी. तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं वर्गात असतात, त्यामुळे डबा वाटून खाण्याआधी विचारायची सवय मुलांना लावावी.