घाईची पदवी आणि वेळेची मालकी

पदवी किती वर्षांत मिळावी हा प्रश्न वरवर पाहता विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेतला आहे. प्रत्यक्षात तो वेळेच्या मालकीचा प्रश्न आहे. ज्या वर्गाला पिढ्यान्‌पिढ्या फुरसत होती, त्याने पाठशाळेत बारा-बारा वर्षे काढली. त्या काळात त्याचे शेत कोण कसत होते, त्याच्या अंगणातले मेलेले जनावर कोण ओढत होते, याची नोंद त्याच्या ग्रंथांनी ठेवली नाही. आमच्यावर ज्ञानबंदी लादली गेली हे आपण नेहमी सांगतो. ज्ञानबंदीच्या जोडीला वेळबंदीही होती, हे मात्र आपण पुरेसे सांगितलेले नाही. कायद्याने शाळेचे दार उघडले, तरी वेळबंदी उठली नाही. दलितांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणूनच वाचवलेल्या, उसन्या घेतलेल्या आणि झोपेतून कापलेल्या वेळेचा इतिहास आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे. मी राहतो त्या वसई-विरार पट्ट्यात ऑनलाइन पदवीची भाषा आता घराघरांत पोहोचली आहे. वसई पूर्वेच्या वालीव भागातील गाळ्यात काम करणारी आमच्या शेजारची एक मुलगी मला विचारीत होती, “काका, तीन वर्षांचं लवकर संपवता येतं म्हणतात. खरं का? डिग्री हातात आली की पगार वाढेल.” तिच्या घाईला हसणारे पुष्कळ आहेत. ज्ञान हळूहळू मुरावे लागते असे सांगणारे हे बहुधा तेच लोक, ज्यांना मुरवत बसण्याची सोय वाडवडिलांनी करून ठेवलेली असते. या घाईचा खरा इतिहास काय आहे, ते आपण पाहिले पाहिजे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी ती होती. शाळेची वेळ विद्यार्थ्याच्या पोटापाण्याच्या वेळेप्रमाणे बदलली पाहिजे, हा विचार या कृतीत आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. स्वतः शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, हे त्याचे काम. गंमत अशी की लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपली पदवी बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुली केली. कोठे शिकलास हे न विचारता परीक्षेला बसू देण्याची ती सोय होती. मुंबईने मात्र नमुना घेतला आणि हे दार घेतले नाही. येथे सर्वसाधारण विद्यार्थ्याला संलग्न महाविद्यालयात दिवस भरल्याशिवाय पदवी नव्हती. महाविद्यालयात दिवस कोण भरू शकत होते? ज्याचे घर त्याच्या मजुरीवर चालत नव्हते तो. जातीचे नाव न घेता जातीचे काम करणारा नियम म्हणून हजेरीच्या या अटीकडे पाहावे लागते.

घाईने शिकण्याचे आपले सर्वांत मोठे उदाहरण स्वतः बाबासाहेबांचे आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, महिना साडेअकरा पौंडांची. म्हणजे त्यांच्या अभ्यासाचे घड्याळ दुसऱ्याच्या खिशात होते. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून आणि शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी.! इतक्या वेगाने इतके शिकणारा माणूस शोधून सापडणार नाही.

या वेगाचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. त्याचा अर्थ मात्र नीट लावत नाही. बाबासाहेबांनी वेळ कमी केला, अभ्यास कमी केला नाही. कोलंबियात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले होते, आणि इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वेगळेच. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी परत पाठवला तेव्हा त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा सादर केला. घाई होती म्हणून त्यांनी कच्चे काम पुढे रेटले नाही. शिकण्यातील वाट पाहणे त्यांनी छाटले, शिकणे छाटले नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे दिलेल्या लेखी साक्षीत आणि १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची कल्पना नाकारली. विद्यापीठाने शिकवले पाहिजे, संशोधन केले पाहिजे, आणि त्याच्या कारभारात मागासलेल्या वर्गांना जागा मिळाली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. परीक्षेचा कागद देऊन मोकळे होणारे विद्यापीठ ज्यांच्या घरी शिकवणारे आहेत त्यांनाच पुरते. ज्याच्या घरात पहिले पुस्तक त्याच्याच हातून येते, त्याला शिक्षक हवा असतो. बाबासाहेबांचा हा मुद्दा ऑनलाइन शिक्षणाच्या काळात जुना झालेला नाही. उलट आजच त्याला धार आली आहे.

दोन्ही मागण्या एकत्र कशा साधायच्या, याचे उत्तरही त्यांनीच कृतीने दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणून कारकुनी करणारा, गिरणीत जाणारा मुलगा तास आटोपून कामावर हजर होऊ शकत होता. घड्याळ विद्यार्थ्यासाठी सरकवले, पण फळ्यासमोरचा शिक्षक काढून घेतला नाही. आमच्या कित्येक लेखक-कार्यकर्त्यांची पिढी या सकाळच्या वर्गांनी घडवली.

पुढचा टप्पा पत्रद्वारा शिक्षणाचा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली ही सोय केली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्याची शाळा मध्येच सुटली त्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने दिली. तिने किती कंडक्टर, शिपाई, अंगणवाडी सेविका आणि सफाई कामगारांच्या लेकी पदवीधर झाल्या, हे आपल्या वस्त्यांतून फिरले तर कळेल.

या वाटेवर मीही चाललो आहे. नोकरी करीत, पोस्टाने येणाऱ्या पाठांवर मी पदवी घेतली. पुढे एका कचेरीत बढतीच्या वेळी साहेबांनी कागद हातात धरून विचारले, “ही रेग्युलर की बाहेरून?” कागदावर विद्यापीठाचे नाव तेच होते, परीक्षाही झाली होती. तरी ‘बाहेरून’ हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला तो सूर माझ्या बापाच्या परिचयाचा होता. गावाबाहेरचा माणूस आणि बाहेरून केलेली पदवी! शब्द बदलत नाहीत, फक्त कचेरीत येतात.

आता आजची स्थिती पाहू. ऑनलाइन पदवीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली केले. ऑनलाइन म्हणजे आपोआप लवकर, हा समज चुकीचा आहे. तिचा किमान काळ नेहमीच्या पदवीइतकाच ठरवलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने वेगवर्धित पदवीच्या कार्यपद्धतीला मान्यता दिली. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत संपवण्याची ती योजना आहे. मंजूर जागांपैकी फार तर १० टक्के विद्यार्थ्यांना ही संधी, आणि त्यांची निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रातील कामगिरी पाहून समिती करणार. एकूण श्रेयांक तेवढेच ठेवायचे, दर सत्राला जास्त घ्यायचे. पदवी सर्व कामांसाठी समान मानावी असे आयोग सांगतो, पण ती कमी काळात पूर्ण केल्याची टीप गुणपत्रिकेत राहणार आहे.

याचा साधा हिशेब मांडू. एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० श्रेयांकांच्या पदवीला ३,६०० तास झाले. सहा सत्रांत प्रत्येकी ६०० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे २३. पाच सत्रांत प्रत्येकी ७२० तास, म्हणजे आठवड्याला जवळपास २८. आता विरारहून चर्चगेटला नोकरीसाठी जाणाऱ्याचे घड्याळ पाहा. अंतर सुमारे ६० किलोमीटर. घरापासून कामापर्यंत जाता-येता रोजचे तीन तास धरले, तरी सहा दिवसांचे अठरा तास गाडीत गेले. त्या गर्दीत पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. मग वेग कोणाला मिळणार? ज्याला घाई नाही त्यालाच. ज्याला पदवी लवकर हवी आहे, तो पहिल्याच सत्रात निवडीतून गळणार.

दुसऱ्या बाजूला, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडण्याची दारे ठेवली आहेत. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. लवकर संपवण्याच्या दारातून कोण जाईल आणि मध्येच सोडण्याच्या दारातून कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. एकच वेळापत्रक, पण वरच्याला वेग आणि खालच्याला गळती, अशी नवी उतरंड यातून उभी राहू शकते. या धोक्याकडे आपण डोळेझाक करता कामा नये.

वेगाची दुसरी एक रीत जगात आहे. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांची ठरावीक फी भरायची आणि त्या मुदतीत जमतील तितके विषय सिद्ध करून संपवायचे. किती तास बसलास यापेक्षा काय येते हे तेथे मोजले जाते. आठ वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या कामगाराला हिशेबाचा पहिला धडा पुन्हा बसून ऐकावा लागू नये, ही त्यातली न्याय्य गोष्ट आहे. श्रमातून आलेले ज्ञान हे ज्ञानच, असे जोतीरावांपासून आपण सांगत आलो. ते पदवीच्या हिशेबात धरले गेले, तर आमच्या घाईला पहिल्यांदाच विद्यापीठाची मान्यता मिळेल. मात्र तेथेही धोका आहेच. ज्याला आधीचे काही येत नाही त्याला शिकवणारा भेटला नाही, तर वेग म्हणजे फक्त जास्त फी आणि लवकर अपयश.

मी या गोष्टी नालासोपाऱ्याच्या जवळ राहून लिहितो, याला एक संदर्भ आहे. हेच प्राचीन शूर्पारक. येथील स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला. त्याच साली जोतीराव हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडत होते. सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी फिरत, आपण धम्मयात्रेसाठी फिरतो, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटतो, त्यांना धम्म सांगतो आणि त्यांच्याशी प्रश्नोत्तरे करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. लोकांनी ज्ञानाच्या दारात ताटकळत राहायचे नाही, सांगणाऱ्याने लोकांपर्यंत चालत जायचे आणि गेल्यावर संवाद करायचा. घरी पोहोचणाऱ्या शिक्षणाची यापेक्षा नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

त्या कसोटीवर आजचे ऑनलाइन शिक्षण निम्मे उतरते. ते घरी पोहोचते, पण प्रश्नोत्तरे करीत नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. हजेरीची अट नको, शिकवणे हवे. कामातून आलेल्या ज्ञानाचे श्रेयांक हवेत. वेगाची परवानगी पहिल्या सत्राच्या गुणांवर न ठरता विद्यार्थ्याच्या गरजेवर आणि सिद्ध केलेल्या विषयांवर ठरावी. गुणपत्रिकेत काळाची टीप नको. आणि सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल ते हे : विरार, नालासोपारा, वसई येथील बुद्धविहारे आणि समाजमंदिरे रात्री दहापर्यंत उघडी ठेवावीत, तेथे वीज, इंटरनेट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्यातलेच एखादे निवृत्त शिक्षक असावेत. पदवी घरी येत असेल, तर शिक्षक विहारात आला पाहिजे. शेजारच्या त्या मुलीला मी एवढेच सांगितले, “लवकर संपव, पण एकटीने संपवू नकोस.” तिच्यासाठी तसा दिवा लावणे हे आता आपले काम आहे.