सांधा जोडणाऱ्या बाईंचे नाव

आमच्या उमेदीच्या काळात रेडिओवरच्या भाषणात ठसका लागला, की तंत्रज्ञ टेप हाताने मागेपुढे फिरवून नेमकी जागा शोधत, ब्लेडने तिरकी कापत आणि चिकटपट्टीने जोडत. सांधा ऐकू येता कामा नये, ही त्या कामाची कसोटी. काम जितके चांगले, तितका करणारा अदृश्य! डेलिया डर्बिशर या इंग्रज बाईंची हकीकत वाचताना मला ते ब्लेड आठवले.

डेलियाबाईंचा जन्म १९३७ साली कॉव्हेंट्रीत झाला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी ते शहर बेचिराख केले. हवाई हल्ल्याचे भोंगे हेच आपण ऐकलेले पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत, असे त्या पुढे सांगत. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकून त्यांनी १९५९ मध्ये पदवी घेतली. डेक्का कंपनीत काम मागायला गेल्या, तर ‘ध्वनिमुद्रणाच्या कामावर आम्ही बायका घेत नाही’ असे उत्तर मिळाले. १९६० मध्ये त्या बीबीसीत लागल्या आणि दोन वर्षांनी रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेल्या. नभोनाट्यांसाठी अनोखे आवाज तयार करणारा हा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला होता.

१९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ ही दूरदर्शन मालिका आली. तिच्या शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहून दिली. सिंथेसायझर तेव्हा बाजारात आलेलाच नव्हता. डेलियाबाईंनी एक तार छेडून तिचा आवाज मुद्रित केला. टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून वेगवेगळे स्वर काढले आणि एकेक स्वर मोजून कापून जोडला. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच धावते, असे धरले तर पाव सेकंदाचा स्वर म्हणजे जेमतेम पावणेचार इंचांची पट्टी! वरची सुरावट ऑसिलेटरवर काढली. मग तीन-चार टेप एकदम सुरू करून सगळे एकत्र केले. मदतीला डिक मिल्स होते. एकदा एक स्वर चुकीच्या जागी पडला, तेव्हा दोघांनी लांबलचक व्हरांड्यात टेप शेजारी शेजारी पसरून चूक शोधली.

ते ऐकून ग्रेनर चकितच झाले. अर्धे श्रेय आणि मानधन बाईंना द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण नोकरीत केलेले काम विभागाचे, हा बीबीसीचा नियम. तो आडवा आला आणि पडद्यावर फक्त वर्कशॉपचे नाव झळकले.

१९७३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे त्यांनी गॅसची नळवाहिनी टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर म्हणूनही काम केले. ३ जुलै २००१ रोजी त्या गेल्या. त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेप निघाल्या. त्या आता मँचेस्टरला जतन केल्या आहेत. ‘डॉक्टर हू’च्या पडद्यावर त्यांचे नाव आले ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी.

आपल्याकडेही गाणे ऐकताना ‘चाल कोणाची?’ असे विचारतात. वाद्यमेळ बांधणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. पगार दिला म्हणजे संस्थेने काम विकत घेतले, हे कायद्याने ठीक असेल. पण नाव छापायला कुठे पैसे पडतात? सांधा ऐकू येऊ नये, हे मला मान्य आहे. पण तो जोडणाऱ्याचे नाव मात्र ऐकू आलेच पाहिजे.