सी शिकवणाऱ्या गॉटफ्रीडचा कोळसा

बायरन गॉटफ्रीड हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना शॉम सिरीजच्या 'प्रोग्रॅमिंग विथ सी'मुळे माहीत असेल. हा माणूस पिट्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होता, आणि पिट्सबर्ग म्हणजे कोळशाचा मुलूख. त्या पुस्तकाच्या कितीतरी आधी त्याने कोळसा धुण्याच्या कारखान्यांचं सिम्युलेशन केलं होतं. मला तरी हे काम पुस्तकापेक्षा जास्त भावलं.

धुणं म्हणजे साबण-पाणी नव्हे हं! चांगल्या कोळशाची सापेक्ष घनता साधारण १.३, दगडाची २.५ च्या आसपास. पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड कालवून मधल्या घनतेचा द्रव केला की कोळसा तरंगतो, दगड बुडतो. पण प्रत्यक्षात सीमारेषेवरचे तुकडे चुकीच्या बाजूला जातातच. १९३७ साली ट्रॉम्प नावाच्या डच इंजिनियरने याचाच आलेख काढला: अमुक घनतेचे किती टक्के तुकडे कुठल्या बाजूला जातात? आला एस आकाराचा वक्र. आणि खरी गंमत पुढेच आहे. हा वक्र बव्हंशी यंत्राचा असतो, कोळशाचा नाही. आपल्या भाषेत, यंत्र म्हणजे फंक्शन आणि कोळसा म्हणजे इनपुट.

मग नव्या खाणीतला कोळसा प्रयोगशाळेत वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांत बुडवून बघायचा, आकडे त्या वक्राने गुणायचे, की कारखाना उभारण्याआधीच उत्तर हातात. एका यंत्रापुरतं हे कागदावर जमतं. पण पाच-सहा यंत्रं, वेगवेगळे आकार आणि परत फिरणारा माल आला, की कॉम्प्युटरच हवा. १९७७ मध्ये गॉटफ्रीड आणि जेकबसन यांनी अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्ससाठी एक साधी युक्ती केली. प्रत्येक घनतेला विभाजनाच्या घनतेने भागलं, आणि एकाच यंत्राचे वेगवेगळे वक्र जवळपास एकमेकांवर बसले! (बारीक चुऱ्याचा वक्र मात्र वेगळा ठेवावा लागतो. तो नीट वेगळा होतच नाही.)

एवढा खटाटोप कशाला? १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर तिथे गंधकाचा प्रश्न ऐरणीवर होता. पायराइटची घनता ५ च्या आसपास, त्यामुळे त्यातलं गंधक धुऊन काढता येतं. कोळशातच रासायनिकरीत्या मुरलेलं मात्र निघत नाही. तेव्हा किती गंधक जाईल आणि त्यापायी किती चांगला कोळसा गमवावा लागेल, हे आधी कळणं मोलाचं होतं.

आपल्याकडे हा हिशेब आणखी अवघड. भारतीय कोळशात माती-दगड इतके बारीक मिसळलेले असतात, की पुष्कळसे तुकडे नेमके विभाजनाच्या घनतेपाशीच घोटाळतात. वक्राचा तिथला उतार थोडा जरी चुकीचा धरला, तरी कॉम्प्युटर बिनदिक्कत सुंदर आकडे छापतो, आणि चांगला कोळसा जातो दगडांच्या ढिगात.